पूडल
पूडल ही पाण्यात पडलेली शिकार उचलून आणण्यासाठी विकसित झालेली कुत्र्याची जात आहे. स्टँडर्ड, मिनिएचर व टॉय हे तिचे आकारानुसार प्रमुख प्रकार होत.

आहार: टॉय पूडलची पिल्ले फार वेळ उपाशी राहिल्यास त्यांच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटू शकते, म्हणून त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न देतात. स्टँडर्ड पूडलमध्ये पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. तातडीने उपचार न झाल्यास ही स्थिती प्राणघातक ठरते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका व कांदा हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात.

निगा: पूडलचे कुरळे केस सतत वाढतात. गळालेले केस अंगावरच गुंतून त्यांच्या जटा होतात व खालच्या त्वचेला इजा पोहोचते. त्यामुळे केस नियमित विंचरणे व ठरावीक काळाने कापणे आवश्यक असते.