कॉलेज नशिबानं मिळत नाही: बारावीनंतरच्या प्रवेशाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीनंतरच्या प्रवेशफेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये चालतात. मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात हेच दिवस भातलावणीचे. वळकी नदीच्या दोन्ही अंगांना चिखलणी चालू असते, घरातलं प्रत्येक माणूस वावरात असतं, पावसानं वीज जाते आणि वीज गेली की मोबाइलची रेंजही जाते. त्याच आठवड्यात कुणाला तरी पसंतीक्रम भरायचा असतो, कुणाला पौडला तहसील कचेरीत दाखल्यासाठी जायचं असतं. अशा घाईत निर्णय होतो तो ऐकीव माहितीवर. गेल्या वर्षी शेजारच्या मुलानं काय केलं, सायबर कॅफेवाला काय म्हणाला, मामा काय म्हणाला, यावर.

या ऐकीव माहितीची किंमत मोठी आहे. पुण्यात राहणाऱ्या मुलाची एक तारीख चुकली तर तो दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन चौकशी करू शकतो. चाळीसेक किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीचं अख्खं वर्ष जाऊ शकतं. म्हणून सगळ्यात जास्त ऐकू येणारे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १: बारावीचा निकाल लागू दे, मग बघू कुठे घालायचं.

वस्तुस्थिती: निकालानंतर जागं होणाऱ्यासाठी बरेचसे रस्ते आधीच बंद झालेले असतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी या शाखांना एमएचटी-सीईटी ही प्रवेशपरीक्षा लागते. पाच वर्षांच्या विधी पदवीला, हॉटेल मॅनेजमेंटला वेगळ्या सीईटी आहेत. २०२४ पासून बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रमही राज्याच्या सीईटीखाली आले. अनेक घरांत हे अजून पोचलेलं नाही. ‘बीसीएला काय, बारावीच्या टक्क्यांवर मिळतं’ असं धरून बसलेल्या मुलाला मे महिन्यात कळतं की परीक्षा होऊन गेली. या परीक्षांचे अर्ज साधारणपणे बोर्डाच्या परीक्षेच्या आसपासच, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये भरले जातात.

उलटा गैरसमजही तितकाच महागात पडतो. सीईटी चांगली गेली की बोर्डाचे गुण बिनकामाचे, असं नाही. अभियांत्रिकीला गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, पण बारावीला संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के ही पात्रतेची अट आहेच. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला तर बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवरच प्रवेश होतो. तिथे राज्याची एकच प्रक्रिया नसते. प्रत्येक कॉलेजात वेगळा अर्ज करावा लागतो आणि प्रत्येकाची गुणवत्ता यादी वेगळ्या तारखेला लागते.

गैरसमज २: पसंतीक्रमात वर मोठं कॉलेज टाकलं तर हातातलं कॉलेज जातं.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबू. अभियांत्रिकीसारख्या केंद्रीभूत प्रवेशात (ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात) संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेक विद्यार्थी घेतो. समजा, तुमच्या यादीत पहिलं शासकीय कॉलेजातलं संगणक अभियांत्रिकी आहे, दुसरं कोथरूडच्या एका कॉलेजातलं यंत्र अभियांत्रिकी आणि तिसरं आणखी लांबच्या कॉलेजातलं. तुमचा क्रमांक आला की पहिल्या पर्यायात तुमच्या प्रवर्गाची जागा शिल्लक आहे का, हे पाहिलं जातं. नसेल तर लगेच दुसरा पर्याय, नाहीतर तिसरा. तुमचं ठरल्यावरच तुमच्या खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचा विचार होतो. त्यामुळे पहिला पर्याय मिळाला नाही म्हणून दुसऱ्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. खालच्या क्रमांकाच्या मुलानं ते कॉलेज पहिलं टाकलं असलं, तरी तो तुमच्या आधी जात नाही.

मग खरी काळजी कुठे घ्यायची? जागा पक्की होण्याच्या नियमात. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाला, की ती जागा घेणं बंधनकारक होतं. पुढच्या फेरीची वाट बघण्याची मुभा नव्हती. त्याखालचा पर्याय मिळाला तर ती जागा राखून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबता येत होतं. म्हणजे यादी भीतीनं भरायची नाही, सायबर कॅफेवाल्याच्या अंदाजानंही नाही. जे मनापासून हवं ते वर, त्याखालोखाल हवं ते खाली, आणि जिथे जायचंच नाही ते यादीत टाकायचंच नाही. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज पक्का करू नका.

गैरसमज ३: मुलींना आता सगळंच शिक्षण फुकट आहे.

वस्तुस्थिती: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. मोठा निर्णय आहे आणि त्यामुळे अनेक मुली घराबाहेर पडल्या आहेत. पण त्याच्या अटी नीट समजून घ्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गात बसायला हवी. (अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप या योजना वेगळ्या आहेत.) प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, प्रवास हा खर्च घरचाच.

आपल्या तालुक्यासाठी आणखी एक अट महत्त्वाची आहे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेत येत नाहीत. मुळशीतल्या लवळ्याला सिंबायोसिस हे अभिमत आणि फ्लेम हे खासगी विद्यापीठ आहे. कोळवणहून अंतरानं ती शिवाजीनगरच्या कॉलेजांपेक्षा जवळची. पण तिथे या माफीचा हिशेब धरून अर्ज केला तर फसगत होईल.

मुलांनाही काहीच नाही असं नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाला व्यावसायिक अभ्यासक्रमाचं अर्धं शिक्षण शुल्क मिळतं. यातल्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. वडिलांचं खातं चालत नाही. मुलीचं खातं बारावीतच उघडा आणि आधार जोडल्याची बँकेतून खात्री करून घ्या.

गैरसमज ४: दाखले काय, प्रवेशाच्या वेळी काढता येतील.

वस्तुस्थिती: जागा फक्त गुणांमुळे जात नाही, कागदामुळेही जाते. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा पडताळणी समितीकडून मिळतं आणि त्यासाठी वडील-आजोबांचे जुने शाळेचे दाखले, महसुली नोंदी गोळा कराव्या लागतात. कातकरी, महादेव कोळी अशा अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. हे काम अकरावीत सुरू केलं तरच वेळेत हातावेगळं होतं. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारी हवी, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत. जुनं प्रमाणपत्र घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यावरची तारीख आजच बघा.

आणखी एक काम कुणी सांगत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, जातीचा दाखला आणि बँकेचं पासबुक हे चारही कागद एका ओळीत मांडा आणि नाव अक्षर न अक्षर जुळतं का पाहा. एकावर वडिलांचं नाव ‘ज्ञानेश्वर’ आणि दुसऱ्यावर ‘ज्ञानोबा’ असेल, तर तो फरक अर्ज तपासणीत अडतो आणि तेव्हा दुरुस्तीला दिवस उरत नाहीत.

गैरसमज ५: जवळचं कॉलेज म्हणजे हलकं कॉलेज.

वस्तुस्थिती: पिरंगुटचं अनंतराव पवार महाविद्यालय काय किंवा पौड रस्त्यावरचं मामासाहेब मोहोळ महाविद्यालय काय, संलग्न कॉलेजांची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच असते. फर्ग्युसनसारखी स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पण पदवी देतं विद्यापीठच. स्पर्धा परीक्षेच्या अर्जात कॉलेजच्या नावाचे गुण नसतात. राज्यसेवेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते.

म्हणून कॉलेज पारखताना नावाच्या आधी चार गोष्टी विचारा. हवा तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवतात का? त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का? नॅकचं मूल्यांकन काय आहे? आणि शेवटचा तास सुटल्यावर घरी यायला बस आहे का? हा शेवटचा प्रश्न छोटा समजू नका. रोजचे चार तास रस्त्यात गेले तर ७५ टक्के हजेरी आणि अभ्यास दोन्ही अवघड होतात. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो, पदवीला तो राहत नाही. विद्यार्थी सवलतीचा पास मात्र मिळतो. हा खर्च हिशेबात आधीच धरा.

गैरसमज ६: पदवी आता चार वर्षांची झाली, एक वर्ष वाढलं.

वस्तुस्थिती: राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची पदवी तीन वर्षांनी घेता येतेच. चौथं वर्ष ऑनर्ससाठी आहे आणि ते ऐच्छिक आहे. चार वर्षं पूर्ण केली तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होऊ शकतं. ‘चार वर्षं कोण शिकवणार’ म्हणून मुलीचं नाव काढू नका.

गैरसमज ७: पुण्यात राहायची ऐपत नाही आणि कर्ज म्हणजे जमीन गहाण.

वस्तुस्थिती: डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठीच आहे. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयंम योजना आहे, शिवाय शासकीय वसतिगृहं. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती ही संस्था डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केली, ती खेड्यातून येणाऱ्या गरजू मुलामुलींसाठीच. वसतिगृहाचा अर्ज कॉलेजच्या अर्जाबरोबर आपोआप जात नाही, तो वेगळा करावा लागतो.

कर्जाचंही तसंच. आपल्या भागात जमिनीला भाव आला आहे आणि मुलाच्या फीसाठी गुंठे विकायची भाषा लवकर होते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर काही काळानं सुरू होते. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे. सातबाऱ्याला हात लावण्याआधी बँकेत एकदा जाऊन विचारा.

गैरसमज ८: एजंटला पैसे दिले की जागा पक्की, आणि फी भरली की पैसे अडकले.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागाही गुणवत्तेनुसारच भरायच्या असतात. पावती न देता पैसे मागणाऱ्याकडे तुमची जागा पक्की करायचा कोणताही अधिकार नाही. केंद्रीभूत प्रवेशात ठरलेल्या अंतिम तारखेआधी प्रवेश रद्द केला, तर एक हजार रुपये कापून बाकीची फी परत मिळते. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा स्पष्ट आदेश आहे.

गैरसमज ९: परदेशातलं कॉलेज आपल्यासारख्यांसाठी नाही.

वस्तुस्थिती: याचं उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. पौडजवळ खुबवलीला १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अनेक देशांतली मुलं तिथे अकरावी-बारावीची दोन वर्षं शिकतात आणि त्यातली बरीच अमेरिकेतल्या कॉलेजांत जातात. तिथला प्रवेश राष्ट्रीय निवड समितीमार्फत होतो आणि गरजेनुसार शिष्यवृत्ती मिळते. युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतून अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी २००० पासून डेव्हिस शिष्यवृत्ती चालू आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी काही विद्यापीठं निवड करताना परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत बघत नाहीत, निवडल्यावर गरजेप्रमाणे मदत करतात. स्पर्धा अतिशय कठीण आहे, आणि गुणांबरोबर निबंध व शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. अनेक अर्ज बारावीच्या वर्षात जानेवारीच्या सुरुवातीलाच बंद होतात. म्हणून तयारी अकरावीपासून हवी.

या नऊही गैरसमजांत एक गोष्ट सारखी आहे. नियम छापलेले आहेत, पण ते वाचून सांगणारं माणूस घरात नाही. पहिल्यांदाच पदवीपर्यंत जाणारी पिढी अनेक घरांत आत्ता तयार होते आहे. त्यांच्या आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. पण खोऱ्यातली काही मुलंमुली या प्रक्रियेतून पार पडून आज पुण्यात शिकत आहेत. ऑगस्टमध्ये काय अडलं, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

त्यांनी दिवाळीच्या सुटीत एक संध्याकाळ गावच्या शाळेत बसावं. समोर अकरावी-बारावीची मुलं आणि त्यांचे पालक असावेत. सीईटीच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, दाखल्यांची यादी द्यावी, पसंतीक्रमाची एक नमुना यादी सगळ्यांसमोर भरून दाखवावी. ग्रामपंचायतीनं आणि शाळेनं हे दरवर्षीचं काम म्हणून अंगावर घ्यावं. दिवाळीनंतर जातीच्या पडताळणीला वेळ असतो, सीईटीचा अर्ज भरायचा असतो, बँकेचं खातं उघडता येतं. जुलैत यातलं काहीच हातात राहत नाही.