कॉल करणाऱ्याला शिकवताना

तीन पत्ती खेळलेल्या माणसाला पोकर शिकवायला बसलं की पहिला घोळ 'ब्लाइंड' या शब्दावरून होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता केलेली चाल. टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात्र ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी पॉटमध्ये (मधल्या सामायिक रकमेत) टाकायची सक्तीची रक्कम. हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं: प्रत्येकाला दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच (आधी तीन, मग एक, मग एक) आणि दर टप्प्याला पैसे लावायचे. मी पैशांऐवजी चिंचोके देतो.

दोन तासांत शिकणाऱ्यांचे दोन प्रकार दिसू लागतात. एक ऊठसूट रेज करतो, म्हणजे रक्कम वाढवतो. दुसरा पॅकही करत नाही (पानं टाकत नाही), वाढवतही नाही. 'बघू तरी' म्हणत समोरच्याइतकीच रक्कम भरून कॉल करत राहतो. बहुतेकांना हा दुसरा शहाणा वाटतो. मला शिकवायला पहिला बरा वाटतो.

एक डाव मांडू. तुमच्या हातात दोन बदाम, टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन. एकच पान यायचंय. बदाम आला तर तुम्ही जिंकणार, नाहीतर हरणार. पॉटमध्ये 100 चिंचोके होते, समोरच्याने 50 लावले. न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम 9. असा कॉल 46 वेळा केला तर 9 वेळा 150 मिळतील, म्हणजे 1350. 37 वेळा 50 जातील, म्हणजे 1850. दर कॉलमागे साधारण 11 चिंचोक्यांची गळती. (बदाम आल्यावर समोरच्याकडून आणखी काढता आले तर हिशेब सुधारतो, पण नवशिक्याला ते क्वचित जमतं.) ही गळती कुणाच्या नजरेत येत नाही. पाचातून एकदा बदाम येतो, आणि तेवढाच डाव लक्षात राहतो!

रेज करणाऱ्याची चूक लपत नाही. एका डावात ढीग संपतो, पानं उघडी पडतात, बोलायला विषय मिळतो. शिवाय त्याच्याकडे जिंकायचे दोन रस्ते असतात. त्याच चार बदामांवर, 100 च्या पॉटमध्ये त्यानेच आधी 50 लावले, तर समोरच्याने तीनातून एकदा पॅक केलं तरी तोटा नाही. वर बदाम यायची आशा आहेच. पोकरवर लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी याला सेमी-ब्लफ म्हटलं.

आक्रमक गड्याचा एक धोका मात्र खरा. सगळे पळाले की कुणाकडे काय होतं ते त्याला कळत नाही, आणि तो प्रत्येक विजय आपल्या धाकाच्या खात्यावर जमा करतो. म्हणून त्याला अट घालतो: रेज करण्याआधी मोठ्याने सांगायचं, कोणती हलकी पानं तुला पैसे देतील किंवा कोणती भारी पानं पळतील. उत्तर नसेल तर रेज नाही.

कॉलवाल्याला एक संध्याकाळ कॉल बंद. रेज नाहीतर पॅक. पहिला अर्धा तास तो नुसता पॅक करतो. मग कधीतरी 50 चिंचोके पुढे सरकतात, समोरचा पानं टाकतो, आणि हा लगेच विचारतो, "काय होतं त्याच्याकडे?"

ते दाखवायचं नाही.