चोवीस इंच कशासाठी?

शिवडीच्या बीडीडी चाळींत एका बिऱ्हाडाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची खोली येते. मुंबई विकास विभागाने १९२०च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या या चाळींत आज फर्निचर करायचं म्हटलं, की सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट एकटंच १२ चौरस फूट खातं. म्हणून पुष्कळांना वाटतं, की ठरलेली मापं मोठ्या फ्लॅटवाल्यांसाठी, आपण जागा बघून अंदाजाने करून घ्यावं. मला हे पटत नाही. लहान खोलीत प्रमाण मापांची गरज उलट जास्तच असते. फक्त एकेक माप कशावरून ठरलं, हे आधी विचारावं लागतं.

कपाटाच्या २४ इंच खोलीचंच बघा. हँगरची रुंदी १७ इंचांच्या आसपास, त्यावर कोट किंवा शर्ट चढला की बाह्या दोन्हीकडे फुगतात, मग दार बंद व्हायला आतून २१-२२ इंच मोकळे लागतात. दुसरं कारण प्लायवूडच्या शीटचं. शीट मिळते आठ बाय चारची. चार फूट म्हणजे ४८ इंच, मधोमध उभी चिरली की २४-२४च्या दोन पट्ट्या. करवतीच्या पात्यात जेमतेम एक सूत जातं. हेच कुणी हौसेने २५ इंच सांगितलं, तर शेजारची पट्टी २३ इंचांचीही उरत नाही, आणि दुसऱ्या बाजूसाठी नवी शीट फाडावी लागते. पण ज्या घरात साड्या, परकर, शर्ट, चादरी सगळं घडी घालून ठेवतात, तिथे हँगरचं कारणच उरत नाही. घडी पंधरा इंचांत बसते. ४८ इंचांचे तीन भाग केले तर जवळपास सोळा-सोळाच्या तीन पट्ट्या निघतात, करवतीत जातं तेवढं सोडलं तर काही वाया जात नाही. सहा फूट रुंदीच्या कपाटात आठ इंच खोली वाचली, म्हणजे चार चौरस फूट जमीन मोकळी झाली, अख्ख्या खोलीचा चाळिसावा हिस्सा. गोदरेजने १९२३ मध्ये लोखंडी कपाटं करायला घेतली. लालबाग-परळच्या घराघरांत पोहोचलेलं त्यांचं कपाट १९ इंचांच्या आसपासच खोल असतं, आणि त्यात तिजोरीसकट संसार मावत आलाय. लांब कोटासाठी एक उभा कप्पा हवाच असेल, तर तेवढाच खोल करावा.

ओट्याचंही तसंच. परदेशी कॅटलॉगात ३६ इंच उंची सर्रास दिसते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या जवळपास आहे. तिचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं आणि काम करायची जागा त्याच्या चार-पाच इंच खाली हवी. म्हणजे ओटा ३३च्या आसपास. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. ३६ इंची ओट्यावर आमटी ढवळताना खांदा उचलावा लागतो आणि पोळी लाटताना जोर देता येत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक काढलं, ते याच गरजेतून. अशी मापं असूनही ओटा शेजारच्या घरावरून ठरावा, याचं वाईट वाटतं.

यावर आक्षेप येतात. जुन्या भिंती काटकोनात नसतात, मग ठरलेलं माप बसणार कसं? खरं आहे. गुण्या आणि ओळंबा लावला की फरक डोळ्यांना दिसतो. उपाय सोपा आहे: रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्यायची, सर्वांत कमी भरेल ती धरायची, कपाट काटकोनातच करायचं आणि भिंतीकडची फट पट्टीने झाकायची. वाकड्या भिंतीला वाकडं कपाट केलं, तर दारं लागत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळ पाडली जाणार असेल, तर हा खर्च कशाला? वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला, तिथे ५०० चौरस फुटांची घरं आहेत. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. अशा अनिश्चिततेत भिंतीत जाम केलेलं फर्निचर बुडीतच जाणार. पण तीन-तीन फुटांचे सुटे, स्क्रूने जोडलेले खण केले, तर ते उद्याच्या घरातही उभे राहतात. गादी ७२ बाय ३६ची असेल तर दिवाणही त्याच मापाचा. गादी फाटली की बाजारात तयार मिळते.

तेव्हा सुताराला बोलावण्याआधी टेप घेऊन घरातल्या वस्तू मोजा: साडीची घडी, तांदळाचं पिंप, सर्वांत उंच डबा, गादी, आणि स्वयंपाक करणारीचं कोपर. हे आकडे कागदावर लिहून सुताराच्या हातात द्या, आणि शीट कशी चिरणार ते त्याच्याकडून त्याच कागदावर काढून घ्या.