वजन आणि गणती

शुद्ध चुनखडीचा १०० किलो दगड भट्टीत पुरता भाजला आणि निघालेला कळीचा चुना काट्यावर घातला, तर तो ५६ किलो भरतो. उरलेले ४४ किलो कोठे गेले, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उठावा आणि मगच त्याच्यापुढे रासायनिक समीकरण यावे, असे मला फार वाटते. ते ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत गेलेले असतात. याच कळीच्या चुन्यावर पाणी शिंपडले की तो नेमके १८ किलो पाणी सामावून घेऊन ७४ किलो विरलेला चुना होतो, आणि भिंतीत बसल्यावर हवेतला तेवढाच ४४ किलो वायू सावकाश परत घेऊन व ते १८ किलो पाणी सोडून देऊन पुन्हा १०० किलो चुनखडी बनतो. एखाद्या निष्णात फडणिसाच्या दफ्तरात शोभावा असा हा जमाखर्च आहे.

या हिशेबाला स्वतंत्र शास्त्राचे नाव १७९२ मध्ये जर्मन रसायनज्ञ येरेमियास बेंजामिन रिख्टर यांनी दिले. मूलतत्त्व आणि मापन या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी 'स्टॉइकिओमेट्री' ही संज्ञा घडवली.

आपली मुले या प्रकरणात अडखळतात, ती गुणाकार-भागाकार येत नाहीत म्हणून नव्हे. समीकरण गणतीच्या भाषेत बोलते आणि काटा वजनाच्या भाषेत, हा भेद त्यांना कोणी उलगडून सांगितलेला नसतो. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात, एवढे पाठ केलेला विद्यार्थी दोन ग्रॅम हायड्रोजनला एक ग्रॅम ऑक्सिजन पुरेल असे निःशंकपणे लिहून मोकळा होतो. वास्तविक ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या सोळापट जड असल्यामुळे तेथे १६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. खजिन्यात नाण्यांच्या थैल्या एकेक नाणे न मोजता तोलून घ्यावयाच्या असतील, तर एका नाण्याचे वजन आधी ठाऊक असावे लागते, आणि रुपयाच्या व पावलीच्या थैल्या सारख्याच वजनाच्या असल्या तरी त्यांतली नाणी सारखी नसतात. मोल ही संकल्पना म्हणजे अशीच ठरावीक गणतीची थैली होय. सहावर तेवीस शून्ये द्यावीत, साधारण तितके कण तिच्यात असतात. हायड्रोजनची थैली २ ग्रॅमची, ऑक्सिजनची ३२ ग्रॅमची, पाण्याची १८ ग्रॅमची.

म्हणून सरावाची उदाहरणे थोडी असावीत, पण सावकाश सोडवावीत. प्रत्येकी दहा ग्रॅम हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्र पेटविले तर आधी काय संपेल, याचा अंदाज मुलाने आकडेमोडीपूर्वीच मोठ्याने सांगावा. बहुतेक मुले हायड्रोजन संपेल म्हणतात. मग हिशेब मांडला की दिसते, ऑक्सिजनच आधी संपतो. त्याने जेमतेम १.२५ ग्रॅम हायड्रोजन खर्ची पडतो, ११.२५ ग्रॅम पाणी तयार होते आणि ८.७५ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहतो. बेरीज वीस, म्हणजे ताळा जमला. हा ताळा पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याला तयार सूत्रांची मिजास सोसावी लागत नाही. ही सूत्रे घाईने हाती देणे हीच आपल्या अध्यापनातली मोठी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि शक्य तेथे मुलांच्या हाती प्रत्यक्ष तराजू द्यावा. मॅग्नेशिअमची २.४ ग्रॅम फीत झाकणाच्या मुशीत जाळली, तर जळून वजन घटेल या सर्वसाधारण समजुतीला धक्का देत हिशेबाने ४ ग्रॅम पांढरी राख मिळावयास हवी. शाळेच्या टेबलावर मात्र ती बहुधा थोडी कमीच भरते. अशा वेळी आकडा दुरुस्त करून वहीत ४ लिहावयास सांगणे हा त्या मुलावर अन्याय आहे, कारण ती तूटच त्याला पुढे नेणारी असते: झाकण उचलताना थोडी राख धुरासारखी उडून गेलेली असते, फितीचा एखादा तुकडा न जळता तसाच राहिलेला असतो, आणि मॅग्नेशिअमचा काही अंश ऑक्सिजनऐवजी हवेतल्या नायट्रोजनशी संयोग पावलेला असतो.