शिकाऊ डॉक्टरांचा पहिला टाका कापडावर पडावा

(शस्त्रक्रियेच्या सरावाचे स्वस्त नमुने : आपल्या कारीगरांसाठी नवे काम)

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात लवळे हे गाव आहे. तेथील टेकडीवर सिम्बायोसिस विद्यापीठाचा परिसर असून २०२० साली १५० जागांचे, केवळ मुलींसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय तेथे सुरू झाले. विद्यापीठाचे रुग्णालयही लवळे येथेच आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या २०२० च्या नियमावलीत अशी अट होती की, दरवर्षी १५० विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयात किमान ६०० चौरस मीटरची 'स्किल लॅब' म्हणजे हाताच्या कामाची सरावशाळा असावी. ही अट एकट्या लवळ्यासाठी नव्हती, देशभरातील महाविद्यालयांसाठी होती. या सरावशाळेत जो माल लागतो, त्यातला बराचसा कापड, फोम, रेक्झिन आणि शिलाई या आपल्याच धंद्यातला आहे. म्हणून व्यापारी व कारीगर बंधूंनी हा विषय समजून घ्यावा.

सराव कोणावर?

शिलाईच्या कारखान्यात नव्या शागिर्दाला उस्ताद पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाचे कापड देत नाही. आधी कात्रणावर हात बसवून घेतो. डॉक्टरकीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या असे चालत आले की, शिकाऊ डॉक्टरने मोठ्यांचे काम पाहायचे आणि मग रुग्णावरच हात बसवायचा. हा रुग्ण बहुधा सरकारी दवाखान्यातला गरीब माणूस असे. पैसेवाला खासगी दवाखान्यात जाऊन मुरलेला सर्जन निवडू शकतो, हमाल, विणकर, हातगाडीवाला निवडू शकत नाही. म्हणजे ज्या कात्रणावर सराव होत होता, ते कात्रण आपल्यासारख्यांच्या घरातले होते. माणसाचा देह ही अल्लाहची अमानत आहे. त्यावर पडणारा टाका हा शिकणाऱ्याचा पहिला टाका नसावा, ही साधी इन्साफाची गोष्ट आहे.

कापडाचा जुना मान

नमुन्यावर शिकण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुत संहितेत शिष्यांसाठी सरावाचा स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर, टाके घालण्याचा सराव जाड कापडाच्या व मऊ चामड्याच्या कडांवर आणि पट्टी बांधण्याचा सराव कापडी बाहुल्यावर करावा, असे त्यात सांगितले आहे. पुढे अब्बासी काळात बगदादमध्ये या ग्रंथाचा अरबी तर्जुमा झाला.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईणीने कापड, चामडे आणि भरणाचे साहित्य वापरून बाळंतिणीच्या देहाची व बाळाची प्रतिकृती बनवली. १७५९ साली राजाने तिला देशभर शिकवण्याचा परवाना दिला आणि गावोगाव फिरून तिने हजारो सुईणी तयार केल्या. त्याच देशातील लिऑन शहरात अलेक्सी कॅरेल हा तरुण सर्जन बारीक टाके शिकण्यासाठी एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे गेला. तुटलेल्या रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामाबद्दल त्याला १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुईचे हुनर कारागिराकडून सर्जनकडे गेल्याचा हा दाखला आहे.

महाग तेच चांगले का?

परदेशी बनावटीचे रबरी आणि संगणकावर चालणारे नमुने फार महाग असतात. ते मोडतील या धास्तीने काही ठिकाणी कपाटातच राहतात. यासंबंधी कॅनडातील टोरोंटो येथे झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ४० वैद्यकीय विद्यार्थ्यांना मूत्रमार्गातील दुर्बिणीचे काम शिकवायचे होते. काहींना ३,७०० डॉलरचा तयार नमुना दिला. काहींना उलटा पेला, रबरी नळी आणि सरबताच्या नळ्या जोडून केलेला २० डॉलरचा नमुना दिला. उरलेल्यांना नुसते व्याख्यान दिले. परीक्षेत नमुन्यावर शिकलेले दोन्ही गट व्याख्यानवाल्यांच्या पुढे गेले, आणि स्वस्त व महाग नमुन्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दिसायला हुबेहूब असण्यापेक्षा हाताला योग्य काम मिळणे महत्त्वाचे, हा त्याचा अर्थ.

काय बनवता येईल?

पहिली वस्तू टाके घालण्याची गादी. वर कातडीसारखा रेक्झिनचा किंवा सिलिकॉनचा थर, त्याखाली चरबीच्या जागी मऊ फोम, तळाला घट्ट फोम. खरी कारागिरी मधल्या अस्तरात आहे. नुसत्या सिलिकॉनमधून ओढलेला धागा चिरत बाहेर येतो. त्यात बारीक जाळीचे कापड बसवले की टाका धरतो. कोणती जाळी किती ताण सोसते, हे डॉक्टरपेक्षा आपल्या होजियरीवाल्याला जास्त कळते.

दुसरी वस्तू गाठी मारण्याची फळी : लाकडी पाटी, दोन खुंट्या आणि दोन रंगांच्या दोऱ्या, म्हणजे कोणते टोक कुठून फिरले ते दिसते. तिसरी, सुई टोचण्याचा हात : फोमवर कापड आणि आत लाल पाणी भरलेली बारीक रबरी नळी. चौथी, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची पेटी : झाकलेला खोका, अवजारांसाठी दोन भोके आणि आतले दाखवणारा मोबाइलचा कॅमेरा. या कामात हात डावीकडे नेला की अवजाराचे टोक उजवीकडे जाते, म्हणून सवय पेटीतच व्हावी लागते.

परदेशात टाके शिकवण्यासाठी डुकराचे पाय सर्रास वापरतात. आपल्या मुलामुलींना ते नकोसे वाटणे साहजिक आहे. शिवाय मांस नासते, बर्फात ठेवावे लागते. कापड-फोमच्या गादीला या दोन्ही अडचणी नाहीत.

व्यवहाराच्या चार गोष्टी

एक, गादी वापरून संपते, म्हणून मागणी पुन्हा येते. समजा, १५० विद्यार्थिनींना वर्षाला चार-चार गाद्या लागल्या, तर एका वर्गासाठीच ६०० नग होतात. दोन, स्वतःच्या अंदाजाने माल बनवू नका. शिकवणाऱ्या सर्जनकडे नमुना न्या, त्यांना टाके घालू द्या, ते सांगतील तसा थर बदला. तीन, पास झालेला नमुना आणि पुरवलेला माल यांत धाग्याचाही फरक नको. स्वस्त म्हणजे हलका माल नव्हे. खोट्या गादीवर शिकलेला हात उद्या खऱ्या माणसावर चालणार आहे. चार, उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, करार काहीही असला तरी, ४५ दिवसांच्या पुढे अडवता येत नाहीत. ऑर्डर मात्र लेखी घ्या.

हे काम घरी बसून शिलाई करणाऱ्या भगिनींनाही जमण्यासारखे आहे. भांडवल थोडे, मशक्कत नेमकी. भोपाळ-दिल्लीच्या मोठ्या व्यापाऱ्यांची वाट न पाहता पुणे, भिवंडी, मालेगावच्या कारीगरांनी जवळच्या महाविद्यालयाचे दार ठोठवावे. हलाल रोजी तर मिळेलच, आणि कुणा गरिबाच्या जखमेवर पडणारा टाका सरळ पडेल, हे सवाब वेगळे.