फुल्ची आला तेव्हा बर्फ पडत होता

जानेवारी १९९६च्या पहिल्या शनिवार-रविवारी न्यूयॉर्क शहर बर्फाखाली गाडलं गेलं. सेंट्रल पार्कात वीस इंच बर्फ साचला, विमानं रद्द झाली, रस्ते ओस पडले. त्याच दोन दिवसांत ‘फँगोरिया’ मासिकाचं ‘वीकेंड ऑफ हॉरर्स’ हे भयपटांच्या चाहत्यांचं कन्व्हेन्शन शहरात भरलं होतं आणि त्यासाठी इटलीहून एक आजारी दिग्दर्शक आला होता. लुचो फुल्ची. वय अडुसष्ट, मधुमेहाने खंगलेलं शरीर, पायाला बँडेज, काखेत कुबड्या. ‘झोंबी’ (१९७९) आणि ‘द बियाँड’ (१९८१) हे त्याचे गाजलेले चित्रपट. पण इटलीत त्याला मान नव्हता आणि काम मिळणंही अवघड झालं होतं.

त्या वादळातून वाट काढत माणसं आली. आपले चित्रपट इटलीबाहेर इतक्या लोकांना माहीत असतील याची कल्पनाच नव्हती, असं फुल्चीने जमलेल्यांना सांगितलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १३ मार्चला, तो गेला. दारिओ अर्जेंतो निर्माता असलेला ‘वॅक्स मास्क’ तो दिग्दर्शित करणार होता. तो पुढे सर्जिओ स्तिवालेत्तीने पूर्ण केला.

जानेवारी २०२६मध्ये त्या भेटीला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत अमेरिकेतली भयपटांची कन्व्हेन्शन्स संख्येने वाढली, त्यांचे हॉल मोठे झाले, पाहुण्यांच्या याद्या लांबल्या. आणि फुल्चीच्या वाट्याला जे आलं, ते देण्याची त्यांची ताकद मात्र आटत गेली.

आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५८मध्ये जेम्स वॉरन यांनी ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक काढलं आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन त्याचे संपादक झाले. अ‍ॅकरमन लॉस एंजेलिसमधलं आपलं मुखवट्यांनी, पोस्टर्सनी भरलेलं घर शनिवारी कुणाही चाहत्यासाठी उघडं ठेवत. या मासिकाची कन्व्हेन्शन्स १९७४ आणि १९७५मध्ये न्यूयॉर्कला झाली. दुसऱ्या खेपेला पीटर कुशिंग आले होते. १९७९मध्ये ‘फँगोरिया’ निघालं आणि १९८५पासून त्याची कन्व्हेन्शन्स सुरू झाली. ऐंशीच्या दशकातले हे मेळे बरेचसे जाहिरातीचे होते. स्टुडिओ येऊ घातलेल्या चित्रपटाचे तुकडे दाखवत, मेकअपवाले रबरी जखमा कशा बनवतात ते सांगत, लोक टाळ्या वाजवून घरी जात. त्यांच्यावर फार शाई खर्च करण्याचं कारण नाही.

खरं दशक नव्वदचं. ते कॅलेंडरच्या हिशेबापेक्षा थोडं पुढे, २००५च्या आसपासपर्यंत लांबलं. १९९०मध्ये केव्हिन क्लेमंट यांनी न्यू जर्सीत ‘चिलर थिएटर’ सुरू केलं. त्याचं स्वरूप जुनी खेळणी, मॉडेल किट आणि सिनेमाच्या वस्तूंच्या बाजाराचं होतं. विक्रेत्यांच्या हॉलमध्ये लॉबी कार्डं, रबरी मुखवटे, साठच्या दशकातल्या ऑरोरा कंपनीच्या राक्षसांची किट आणि व्हिडिओ कॅसेटांच्या चळती असत. या कॅसेटांचं मोल आज सांगून पटणार नाही. फुल्चीचा ‘द बियाँड’ अमेरिकेत १९८३मध्ये काटछाट करून ‘सेव्हन डोअर्स ऑफ डेथ’ या नावाने आला, आणि दिग्दर्शक म्हणून नाव लावलं होतं लुइस फुलर! मूळ चित्रपट अखंड पाहायचा तर परदेशी प्रतीवरून उतरवलेली, चार वेळा नक्कल होऊन रंग फुटलेली कॅसेट अशा टेबलावरच मिळे. तो अखंड स्वरूपात अमेरिकी थिएटरांत लागला १९९८मध्ये, फुल्ची गेल्यावर. न्यूयॉर्कच्या बर्फात त्याला भेटायला आलेल्या लोकांनी त्याचं खरं नाव असं, एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या कॅसेटांवरून शिकलं होतं.

चिलरच्या रात्री जॉन झॅकर्ली गात. १९५७ पासून फिलाडेल्फियाच्या आणि मग न्यूयॉर्कच्या टीव्हीवर, काळा कोट घालून, शवपेटीच्या शेजारी उभं राहून हा माणूस जुने भयपट सादर करी. ज्यांनी लहानपणी त्याला पाहिलं ते आता पन्नाशीला आले होते आणि तो सत्तरी ओलांडून ‘डेड एल्व्ही’ या बँडबरोबर त्यांच्यासमोर उभा राही. २०१६च्या ऑक्टोबरात, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो गेला. त्याच्या टेबलापाशी थांबून लोक आपल्या आईने टीव्ही बंद करायला लावल्याच्या गोष्टी सांगत आणि तो त्या ऐकून घेई. ऐकण्यालाही त्या काळी वेळ होता.

त्या वर्षांचं सर्वांत मोठं काम निनावी माणसांना नाव मिळवून देण्याचं होतं. ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ (१९५४) या चित्रपटातला खवल्यांचा प्राणी जगभर ओळखला जातो. जमिनीवर तो पोशाख बेन चॅपमन यांनी घातला आणि पाण्याखाली, फ्लोरिडाच्या वकुला स्प्रिंग्जमध्ये, रिकू ब्राउनिंग यांनी. दोघांपैकी कुणाचंही नाव पडद्यावर आलं नाही. चाळीस वर्षांनी हे दोघे टेबलामागे बसले तेव्हा समोरच्या पोराला दोघांची नावं पाठ असत. कोणतं दृश्य कुणाचं, तेही. स्टुडिओने जे केलं नाही ते चाहत्यांनी केलं. चॅपमन २००८मध्ये गेले, ब्राउनिंग २०२३मध्ये, आणि दोघांच्याही मृत्युलेखांत तो प्राणी त्यांच्या नावावर जमा होता.

पैशाचा मुद्दाही याच दशकात समजून घ्यायला हवा, कारण आज त्यावरून सगळा रोष कलाकारांवर निघतो. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या चित्रपटाचं नाव वितरकाने बदललं आणि नव्या शीर्षकावर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली. चित्रपट सर्वांसाठी मोकळा झाला. ज्याने त्याने विकला, आणि पिट्सबर्गच्या ज्या मंडळींनी तो बनवला त्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं. त्यात स्मशानातलं पहिलं चालतं प्रेत झालेले बिल हिन्झमन २०१२मध्ये मरेपर्यंत कन्व्हेन्शनला येत राहिले. ‘द टेक्सस चेनसॉ मॅसेकर’ (१९७४) जगभर चालला, पण त्यात लेदरफेस झालेल्या गुन्नार हॅन्सन यांच्या हाती नफ्याचा पहिला चेक आला तो पन्नास डॉलर्सहूनही कमी रकमेचा. भर उन्हाळ्यात न धुतलेल्या एकाच शर्टात, मुखवट्यामागे काम करून हे मिळालं. पुढे ते मेन राज्यात जाऊन लेखक झाले. अशा माणसाने टेबलावर फोटोंचा गठ्ठा ठेवून एका सहीचे दहा-वीस डॉलर्स घेतले, तर त्यात गैर काय? तीच त्यांची पेन्शन होती. चाहते ते पैसे आनंदाने देत, कारण ते थेट त्या माणसाच्या हातात पडत.

एक जुना हिशेब चुकता करायचा राहिला आहे. १९८०मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’चे समीक्षक जीन सिस्केल यांना ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आवडला नाही. तो त्यांचा हक्क होता. पण त्यांनी परीक्षणात खुनी कोण हे मुद्दाम फोडलं, पॅरामाउंटच्या मालक कंपनीच्या अध्यक्षांचा पत्ता छापला आणि अभिनेत्री बेट्सी पामर कुठल्या गावी राहतात तेही लिहिलं, लोकांनी निषेधाची पत्रं धाडावीत म्हणून. पामरबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या, ‘मिस्टर रॉबर्ट्स’मध्ये (१९५५) काम केलेल्या, टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा. गाडी बंद पडली होती, नवी घ्यायला पैसे हवे होते, म्हणून मिसेस व्हूर्हीजची दहा दिवसांची भूमिका त्यांनी घेतली. पटकथेला त्यांनी स्वतःच शिवी हासडली होती, हे त्या मोकळेपणाने सांगत. समीक्षकांच्या त्या मोहिमेत प्रेक्षकांनाही विकृत ठरवलं गेलं. ब्रिटनमध्ये तर सरकारी वकिलांनी खटले भरण्याजोग्या कॅसेटांची यादीच केली आणि तिच्यात फुल्चीचे तीन चित्रपट होते. ज्यांना विकृत म्हटलं गेलं, तेच लोक पुढे पामरबाईंच्या टेबलापुढे रांगेत शांत उभे राहत, त्यांची प्रकृती विचारत, आणि त्या मिसेस व्हूर्हीजच्या आवाजात चार शब्द बोलल्या की हरखून जात. २०१५मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी सर्वांत जास्त रडले ते हेच प्रेक्षक. सिस्केल चुकले होते, आणि हे स्पष्ट शब्दांत म्हणायला हवं.

मग पैसा आला. २००० नंतर कन्व्हेन्शन्स वाढली: चेरी हिलला ‘मॉन्स्टर मेनिया’, डॅलसला ‘टेक्सस फ्राइटमेअर’, इंडियानापोलिसला ‘हॉररहाउंड’. सुरुवातीला त्यांचा जीव जुन्यांसारखाच होता. रात्री हॉटेलच्या बारमध्ये केन हॉडर किंवा सिड हेग यांच्यासारखे नट शेजारच्या स्टुलावर सापडत. हॉडर यांनी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेतल्या चार चित्रपटांत जेसन साकारला. फोटो काढताना ते चाहत्याचा गळा धरत आणि त्या फोटोसाठी लोक दुरून येत. २०१०मध्ये ‘द वॉकिंग डेड’ मालिका सुरू झाली आणि गणित बदललं. चालू मालिकेच्या नटांना आणण्यासाठी आयोजक मोठ्या रकमेची हमी देऊ लागले: सह्यांतून तेवढं जमलं नाही तर फरक आयोजकाने भरायचा. ही हमी वसूल करायची म्हणून सहीचा दर चढला, तिकिटाच्या पायऱ्या झाल्या, फोटोचं खातं वेगळं झालं.

आज मोठ्या पाहुण्याची सही शंभर डॉलर्सच्या पुढे जाते. सहीबरोबर पात्राचं नाव किंवा एखादा संवाद लिहून हवा असेल तर पुष्कळ ठिकाणी त्याचे वेगळे पैसे. स्वतःच्या फोनवर फोटो काढायचा असेल तर त्याचे आणखी वेगळे. व्यावसायिक फोटोची वेळ घरबसल्या आधीच विकत घ्यायची, ठरल्या वेळी पडद्यामागे ढकललं जायचं, दिवा लखलखला की पुढचा. नटाने वर पाहिलं की नाही हे छापील फोटो हातात आल्यावर कळतं. सही खरी असल्याचा शिक्का मारणाऱ्या कंपनीचा माणूस जवळच बसलेला असतो, कारण रांगेतल्या काहींना ती सही उद्याच विकायची असते.

यात सर्वांत जास्त मार बसतो तो फुल्चीसारख्यांना. हमीच्या मागे धावणारा आयोजक विस्मरणात गेलेल्या म्हाताऱ्या छायालेखकाला, पोशाखात घुसमटलेल्या स्टंटमनला, इटलीतल्या आजारी दिग्दर्शकाला विमानाचं तिकीट पाठवेल कशाला? त्याच्यासाठी रांग लागेल की नाही, याची खात्री कुणी देत नाही. १९९६मध्येही ती नव्हतीच. आणि ज्यांच्यासाठी हे मेळे भरायचे ते एकेक करून गेले: हॅन्सन आणि दिग्दर्शक वेस क्रेव्हन २०१५मध्ये, जॉर्ज रोमेरो आणि टोबी हूपर हे दिग्दर्शक २०१७च्या एकाच उन्हाळ्यात, अभिनेत्री ज्युली अ‍ॅडम्स आणि सिड हेग २०१९मध्ये, नट टोनी टॉड २०२४मध्ये.

हेग गेले त्याच आठवड्यात, तीन दिवस आधी, मुंबईत हिंदी भयपटांचे दिग्दर्शक श्याम रामसे गेले. तुळशी रामसे त्याआधीच्या डिसेंबरात. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) साठी सगळं कुटुंब आणि युनिट बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेणारे हे भाऊ. सदाशिव अमरापूरकरांनी त्यांच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) काम केलं होतं. परदेशातल्या ‘मोंडो मकाब्रो’ या कंपनीने रामसेपटांचे डीव्हीडी संच काढले आणि पाश्चात्त्य संग्राहकांनी ते कौतुकाने विकत घेतले. मुंबईत मात्र रामसेंसाठी दर वर्षी भरणारा असा मेळा उभा राहिला नाही. मराठीत तात्या विंचू आहे. ‘झपाटलेला’ (१९९३) पाहून रात्री आईला बिलगून झोपलेली पिढी आता चाळिशीत आहे, आणि तो बाहुला रामदास पाध्यांनी घडवला हे त्यातल्या पुष्कळांना ठाऊकही आहे. या चित्रपटांत मुखवटे चढवणारी, धूर सोडणारी, बाहुल्या हलवणारी जी माणसं आज हयात आहेत, त्यांच्यासाठी मुंबईत किंवा पुण्यात एखादं सभागृह दोन दिवस घेणं ही फार मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. एखाद्या फिल्म सोसायटीने हे याच वर्षी मनावर घ्यावं.