अफवा, भीती आणि एक प्रश्नावली

चंदीगडच्या सेक्टर ३२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तसेच गोस्वामी गणेश दत्त सनातन धर्म महाविद्यालयही आहे. त्यामुळे हाती प्रश्नावली घेऊन फिरणारे विद्यार्थी येथे नवे नाहीत. गेल्या हिवाळ्यात सामाजिक मानसशास्त्राचा प्रबंध लिहिणारी अशीच एक पदव्युत्तर विद्यार्थिनी माझ्या दारी आली. ‘संकटात शेजारी माझ्या मदतीला येतील,’ हे विधान. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय. मी विचारले, शेजारी म्हणजे नेमका कोण? वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, समोरच्या घरातला, की गावाकडचा? ती हसून म्हणाली, ‘अंकल, मूळ प्रश्नावली परदेशातली आहे. बदलली, तर मार्गदर्शक मान्य करणार नाहीत.’

ती गेल्यावर मला माझ्या सेवेतला एक जुना प्रसंग आठवला. मी जिल्ह्यात असताना भूकंपाचा सौम्य धक्का बसला. हानी नगण्य होती. तरीही पौर्णिमेला याहून मोठा धक्का बसणार, अशी वार्ता पसरली आणि लोक थंडीत उघड्यावर झोपू लागले. मी तिला खोडसाळपणा मानले, कारवाईची ताकीद देणारे पत्रक काढले आणि एका वयस्क शिक्षकाला ठाण्यात बोलावून घेतले. लोक घरात परतले नाहीत. उलट, सरकार काहीतरी लपवीत आहे, अशी नवी वार्ता त्या पत्रकातूनच जन्मली.

इतिहासाचा विद्यार्थी असूनही मला एक गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. धक्का जाणवला, पण नुकसान झाले नाही, अशा भागात अधिक मोठ्या संकटाच्या अफवा पसरल्या होत्या. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० च्या दार्जिलिंगमधील भूस्खलनाचा अभ्यास केला. तेथे विध्वंस डोळ्यांसमोर होता आणि तशा अतिरंजित अफवा आढळल्या नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी या दोन्ही अभ्यासांतून एक अर्थ काढला: भीती आधीच मनात असते, डोळ्यांना तिचे कारण दिसत नाही, म्हणून अफवा ते पुरवते. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेल्या संज्ञानात्मक विसंगतीच्या सिद्धांताला येथूनच चालना मिळाली.

म्हणजे, जगभर शिकविल्या जाणाऱ्या एका सिद्धांताचे बीज आपल्या मातीतले होते. आणि त्याच देशातला एक अधिकारी भीतीचे उत्तर पोलिसी ताकिदीने देत होता. त्या शिक्षकाची क्षमा मी कधी मागितली नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारला या ज्ञानाचे मोल कळत नव्हते, असे नाही. सरकारच्या विनंतीवरून युनेस्कोने १९५० मध्ये गार्डनर मर्फी यांना येथे पाठविले. फाळणीनंतरच्या सामाजिक तणावांचा अभ्यास भारतीय संशोधकांच्या साथीने झाला. पुढे १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. मात्र जिल्हाधिकाऱ्याचे टेबल आणि विद्यार्थ्याचा प्रबंध यांमधला रस्ता तयार झाला नाही.

परदेशी मापनी प्रमाण मानण्याचे दिवसही सरले आहेत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच स्पष्ट निष्कर्ष पुन्हा मिळाले; सामाजिक मानसशास्त्रात तर जेमतेम चौथ्या हिश्श्यात. मग आपल्या विद्यार्थ्यांनी उसनी विधाने का घोकावीत?

उपाय अवघड नाहीत. प्रश्नावली पंजाबी, हिंदी, मराठीत, इथल्या नातेसंबंधांतून घडावी. जुन्या अभ्यासांची फेरतपासणी हाही प्रबंधाचा मान्य विषय असावा. ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष अपयश गणला जाऊ नये. आणि प्रत्येक प्रबंधाचा दोन पानी सारांश संबंधित जिल्हा प्रशासनाकडे जावा. त्याबदल्यात प्रशासनाने नावे वगळून आपल्या नोंदी विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात.

त्या मुलीच्या विधानापुढे मी ‘सांगता येत नाही’ हा मधला पर्याय निवडला. खरे उत्तर त्या पाचांत नव्हते. शेजारी येतील की नाही, हे आपण त्यांच्या भीतीला कसे वागवतो, यावर ठरते. ते विचारणारा प्रश्न तिला लिहू दिला पाहिजे.